शून्यावर टेकलेली रेघ

“एकोणीस? पहिलीत एकोणीस मुलं?” नियोजन अधिकाऱ्यानं हजेरीपट टेबलावर आपटला. “कुठून आणलीत, बाई? आभाळातून पडली?”

गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, समोरच्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांच्यामागे अख्खं गाव दाटीवाटीनं बसलं होतं. अधिकाऱ्याला कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी तो प्यायला नसता.

सकाळी आल्या आल्या बाईंनी सांगितलं होतं, “शाळेत एकही वर्ग मोकळा नाही. बैठक शेजारच्या दवाखान्याच्या मागच्या बंद खोलीत घ्या.” तेव्हाच त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. शाळा बंद करायला आलेल्या माणसाला मुद्दाम कोंडवाड्यात बसवायचं, असल्या युक्त्या त्याला काही नवीन नव्हत्या. दवाखान्यातल्या सिस्टरनं तेल घालघालून कुलूप उघडलं. आत खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा आणि कोपऱ्यात खोलगट बेसिन. टेबल असलं उंच, की खुर्चीत बसून त्यावर सहीसुद्धा करता येईना. तक्ता टांगायला भिंतीत खिळा नव्हता. दार आत उघडून भिंतीला टेकलं होतं आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला जुन्या पाटीचा खिळा उरला होता. त्यानं तक्ता तिथंच अडकवला. खिळ्याखाली चिकटवलेला पिवळट कागद त्यामुळे झाकला गेला. बरंच झालं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तक्ता त्याच्या जिवाचा तुकडा होता. पुढच्या वीस वर्षांत विभागातल्या कोणत्या गावात किती मुलं असतील, कुठं शाळा हवी आणि कुठं नको, सगळं त्यावर होतं. प्रत्येक गावाची एक रेघ. या गावाची रेघ उतरत उतरत शून्यावर येऊन आडवी झाली होती. तळाशी त्याची सही आणि सहीखाली, त्याच्या सवयीप्रमाणे, ठसठशीत दोन रेघा.

कचेरीत त्याला मागून ज्योतिषी म्हणत. त्याला ते मनातून आवडायचं. नोकरीला लागल्यावर त्यानं पहिलंच भाकीत केलं होतं ते डोंगराकडच्या चाळीस गावांचं. तेव्हा तो आरोग्याच्या नियोजनात होता. खुर्चीतून न उठता त्यानं लिहिलं होतं, की इथले जन्म आता थांबल्यातच जमा आहेत. पुढच्याच वर्षी जन्मनोंदीत शून्य उमटलं. वरिष्ठांनी तोंडात बोट घातलं. त्या एका शून्याच्या जोरावर शिक्षणाचा वीस वर्षांचा आराखडा त्याच्याकडे चालत आला होता.

“जन्मनोंद बघा!” तो गरजला. “सलग सात वर्षं शून्य. या गावात मूलच जन्मलेलं नाही, आणि तुमच्या पहिलीत सहा वर्षांची एकोणीस! शेजारच्या गावातून उसनी आणता ना, मोजणीच्या दिवशी?”

“पलीकडे पाढे म्हणताहेत ती,” बाई म्हणाल्या. “चला, मोजा.”

“डोकी मोजायला मी गुराखी नाही. मी वीस वर्षांनंतरचं बघतो.”

“आणि आजचं कोण बघणार? तुमचे वडील?”

खोलीत हशा पिकला. अधिकाऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं दोन कागद बाईंपुढे सरकवले. एक ठराव, शाळा बंद करून मुलांना घाटापलीकडच्या शाळेत घालायचा. दुसरा अहवाल, खोटा पट दाखवला म्हणून मुख्याध्यापिकेला निलंबित करण्याचा.

“एकावर सही होणारच आहे. पहिल्यावर तुम्ही करा, नाहीतर दुसऱ्यावर मी करतो.”

बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांचा चेहरा उतरला. पण पहिल्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. दुसरा उचलून त्याच्याच हातात दिला.

“करा. सहा वर्षांची पोरं मी घाट चढायला पाठवणार नाही.”

त्यानं पेन काढलं. तेवढ्यात दाराशी उभी असलेली सिस्टर पुढं आली.

“साहेब, तुम्ही ज्यावर कागद ठेवलेत ना, ते बाळंतपणाचं टेबल आहे.”

अधिकाऱ्यानं हात झटकन मागे घेतला.

“सात वर्षांपूर्वी या खोलीला कुलूप लागलं,” सिस्टर म्हणाली. “तेव्हापासून दिवस भरलेली प्रत्येक बाई मी शहरातल्या इस्पितळात पाठवते. मूल जन्मतं तिथं, त्याची नोंद होते तिथं. चौथ्या दिवशी आई त्याला घेऊन इथं घरी येते. दोघी तर घाटातच बाळंत झाल्या. त्यातली एक आलीच नाही परत.”

पलीकडे सातचा पाढा चालला होता. एकोणीस आवाज असतील, जास्तही असतील. आपली रेघ चुकली हे अधिकाऱ्याला कळलं होतं. पण चूक गळ्यात येतेय म्हटल्यावर माणूस पहिल्यांदा दुसऱ्याचा गळा शोधतो. तोही तेच करू लागला.

“पण चालती खोली बंद केलीच कशाला?” तो ओरडला. “कुठल्या मूर्खाचं हे काम? नाव सांगा मला, आजच्या आज लिहून पाठवतो वर!”

सिस्टर दारापाशी गेली. तिनं तक्ता खिळ्यावरून काढला, नीट गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला. पिवळट कागदावरची अक्षरं अजून वाचता येत होती.

‘भविष्यातील अंदाज पाहता या गावी यापुढे जन्म अपेक्षित नाहीत. सबब प्रसूतीची खोली आजपासून बंद करण्यात येत आहे.’

खाली सही होती, आणि सहीखाली ठसठशीत दोन रेघा.