अजून विचारलेलं नाही

लोकांना काही विचारायला आता गावोगाव कुणी जात नसे. ज्याच्या-त्याच्या नोंदी चाळून यंत्रच प्रत्येकाच्या वतीनं उत्तर देई. नळपाणी योजनेवर चारशेही गावं खूश आहेत, असं त्यानं सकाळीच कळवलं होतं.

"यंत्राच्या अहवालावर सही करा," साहेब म्हणाले. "तुमच्या कक्षात माणसं तीन. चारशे गावं तपासणार कशी?"

"एकच तपासते," मूल्यमापन कक्षाच्या प्रमुख रोहिणी पाडवी म्हणाल्या.

कक्षातली तिघं त्यातल्या मोरखडी गावाला गेली. यंत्राच्या यादीत समाधानी असलेल्या बुधीबाई हंडा घेऊन नदीवरून येत होत्या. रोहिणीताईंनी त्यांना त्यांचंच उत्तर वाचून दाखवलं.

"हे मी कधी बोलले?" बुधीबाईंनी हंडा खाली ठेवला. "नळाला पाणी आलं ते उद्घाटनाच्या दिवशी, तेवढंच."

दोन दिवसांत तिघांनी घरोघरी जाऊन विचारलं. सगळीकडे तेच ऐकायला मिळालं.

कचेरीत परतल्यावर हे ऐकून साहेब वैतागले. "एका गावानं काय होतंय? बाकीच्यांचं काय लिहिणार?"

रोहिणीताईंनी अहवाल पुढे सरकवला. उरलेल्या तीनशे नव्याण्णव गावांपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं एकच शेरा लिहिला होता: 'अजून विचारलेलं नाही.' आणि खाली सही केली होती.