ताईची बाजू

कायद्याच्या कॉलेजचा अर्ज संध्याकाळी बंद होणार होता आणि धाकटीचं निवेदन काही केल्या जमत नव्हतं. ‘तुम्हाला वकील का व्हायचंय?’ एवढाच प्रश्न. याआधी दोनदा तिने न्याय, समाज, सत्य असं बरंच लिहिलं होतं. दोन्ही वेळा नकार आला. यंदाही आला की संपलं. मग जन्मभर लाँड्रीचा गल्ला.

गल्ल्यामागे लॅपटॉप घेऊन ती लिहीत होती, खोडत होती. समोर ताई शर्टांना इस्त्री करत होती. शेवटी, बुडत्याला काडीचा आधार, धाकटीने ताईचीच गोष्ट लिहायला घेतली.

“वाच की मोठ्याने,” ताई म्हणाली. “मघापासून चोरून बघतेयस. माझ्यावरच लिहिलंयस ना?”

धाकटीने पहिली ओळ वाचली. “मुलाचा ताबा नवऱ्याकडे गेला, त्या दिवशी माझी बहीण कोर्टात गप्प बसून राहिली.”

ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

“मी गप्प नव्हते.”

“ताई, घरात सगळे तसंच म्हणतात.”

“सगळे तिथे नव्हते. जजसाहेबांनी विचारलं, काही सांगायचंय का. मी उठले. तर आपल्याच वकिलाने हात धरून खाली बसवलं. म्हणे, तुम्ही बोललात तर बिघडेल.”

“काय सांगणार होतीस?”

हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. धाकटीनेही नाही.

ताईने हात पुसले आणि ताठ उभी राहिली. “साहेब,” ती म्हणाली, “माझा मुलगा झोपेत उठून चालतो. दाराची वरची कडी लावावी लागते. त्याच्या वडिलांना हे माहीतच नाही. त्यांची झोप गाढ...” तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “तुझी वेळ चाललीये गं. आधी ते कर.”

धाकटीने ‘गप्प बसून राहिली’ पुसलं. त्या जागी लिहिलं, ‘बोलायला उठली होती. तिला खाली बसवलं.’ पुढचं काही सुचेना. निवेदन तिने तसंच, अपुरं, पाठवून दिलं. लॅपटॉप मिटला. स्टूल ओढून ती ताईच्या समोर जाऊन बसली.

“हं. वरची कडी,” ती म्हणाली. “पुढे?”