आबांची फाईल

त्या शनिवारी विश्रामबागच्या कॉलेजच्या ऑफिसात आबा आणि शालन, बापलेक, नेहमीसारखे कामाला शेजारशेजारच्या कॉम्प्युटर टर्मिनलवर बसले होते. एकाच पडद्यावर चार कामं चालवणारा प्रोग्राम होता; कोणत्या बटणानं कोणतं काम समोर यावं, ते ज्यानं त्यानं आपल्या फाईलीत लिहायचं. शालनच्या फाईलीत प्रोग्रामला सांगणारी एकच ओळ होती: आबांची फाईल वाच; म्हणजे आबांची बटणं तीच तिची.

"आवं आबा, तुमची सगळी बटणं डावीकडंच कशी?"

"सवय लागलीय गं. तुला नडतंय का?"

"न्हाई, मला बरंच हाय."

रविवारी पहाटे आबा झोपेतच गेले.

तेराव्यानंतर ऑफिसातले साहेब शालनला म्हणाले, "त्यांचं खातं आज बंद होईल. हवं ते उतरवून घ्या."

शालननं ती फाईल पहिल्यांदाच उघडली. वर डाव्या हाताची बटणं होती. खाली आबांच्या जुन्या ओळी, सगळ्या उजव्या हाताच्या, एकेक करून रद्द केलेल्या. शेजारी तारीख होती, शालन इथं नोकरीला लागली त्याच्या आदल्या दिवसाची.

पोलिओनं लुळा पडलेला आपला उजवा हात तिनं डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत म्हणाली,

"आबा, माझं कधी काही अडलं न्हाई."