हार्लनचं शेवटचं मत
हार्लनची आमदारकीची चोवीस वर्षं आज संपत होती. शेवटचं मतदान गावच्या शाळेला स्वच्छ पाणी द्यायचं की नाही, यावर होतं. त्याला पाचवीत शिकवलेल्या व्हिटेकरबाई आताचा वर्ग घेऊन सभागृहाच्या गॅलरीत बसल्या होत्या. मत देण्याआधी हार्लन नेहमी गॅलरीत बसणाऱ्या, त्याच्या निवडणुकीला पैसे पुरवणाऱ्या खाणवाल्याकडे बघायचा; त्याचा अंगठा वर तर हिरवं बटण, खाली तर लाल. आज खाणवाल्याची खुर्ची रिकामी होती. “बाई, ते हिरवं दाबतील ना?” एका मुलीनं विचारलं. “आता कोणाला भ्यायचंय? उद्या घरीच बसायचंय,” बाई म्हणाल्या. हार्लन रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. घंटा वाजली. फलकावर त्याच्या नावापुढे दिवाच लागला नाही. एका मतानं पाणी हुकलं. “त्यांना काय झालं, बाई?” “काही नाही गं. माझ्या वर्गातही शेजारचा गैरहजर असला, की याचा पेपर कोरा यायचा.”