धक्का स्टार्ट

एका किकमध्ये गाडी चालू झाली आणि तारांवरची कबुतरं फडफडून उडाली. शेजारीपाजारी दारात आले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुलाने मूठ पिळली. नव्या सायलेन्सरने गल्ली दणाणून सोडली, आणि त्याने मोठ्या आशेने दारातल्या खुर्चीकडे पाहिलं.

बाबा ढिम्म. उजवा हात मांडीवर, सकाळी आईने ठेवला होता तसाच. मेंदूत गुठळी झाल्यापासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता, की चेहऱ्यावर ओळख उमटली नव्हती. औषधं झाली, मालिश झाली, शेवटी डॉक्टरांनीही हात टेकले. "आवडीचं काहीतरी दाखवा, ऐकवा," एवढंच ते म्हणाले. आता या माणसाला आयुष्यात नाद एकच, ही फटफटी.

आणि नाद तरी कसला! दर रविवारी उजाडायच्या आत स्वारी एकटीच बाहेर पडायची. सोबत कुणी नाही, कुठे पोचायचंही नाही. टेकडीमागच्या वळणांवर मनसोक्त हिंडायचं आणि धुळीने माखून, शीळ घालत परत यायचं. "कुठे गेला होतात?" विचारलं तर "कुठे नाही." त्या सगळ्या फिरण्याचा घरात एक फोटो नाही. मुलाला हे कधी समजलंच नाही. तो स्वतः चकचकीत गाडी घेऊन घोळक्याने निघायचा आणि पहिला चहा यायच्या आत फोटो टाकून मोकळा व्हायचा.

पण लहानपणापासून त्याला खुपत होतं ते वेगळंच. बाबा गाडी ढकलत न्यायचे. घरापासून पार कोपऱ्यापर्यंत. परत येताना कोपऱ्यावरच ती बंद पडायची, मग पुन्हा ढकलत घरी. "काय धक्कासम्राट, आज पण रुसली का?" लोक विचारायचे. बाबा हसून मान डोलवायचे. शाळेत पोरं तेच नाव घेऊन चिडवायची आणि मुलाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून आता त्याने गाडी गॅरेजात टाकली होती. "इंजिनात काही खोट नाही हो, उगाच कशाला खोलायचं?" मेकॅनिक कुरकुरला. मुलाने ऐकलं नाही. सगळं खोलून नवं करायला लावलं, वर हा सायलेन्सर चढवला. बाबांची गाडी कशी चालू होते ते कळू दे एकदा साऱ्या गल्लीला.

"पुरे रे सोन्या," आई कानांवर हात ठेवून म्हणाली. मुलगा चांगला बाप्या झाला, तरी तिच्या आणि बाबांच्या तोंडी त्याचं हेच नाव होतं. "इतकी वर्षं संसार केला, पण हिचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतेय."

आईचं आपलं काहीतरीच. मुलाने आणखी मूठ पिळली.

तेवढ्यात बाबांचा डावा हात हलला. गाडी तशीच चालू ठेवून मुलगा खुर्चीपाशी धावला, गुडघ्यांवर बसला. हात वर आला, ओठांशी पोचला आणि एक बोट ओठांवर टेकलं. बाबा घाबरले होते. डोळे पुन्हा पुन्हा आतल्या खोलीच्या दाराकडे जात होते.

"बाबा, मी आहे. बोला ना. काय हवंय?"

त्याने कान त्यांच्या तोंडाशी नेला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. रस्त्यावरच्या परक्या माणसाकडे पाहावं तसं, जरा संकोचून. मग इतक्या महिन्यांनी त्यांचा आवाज निघाला, बारीक, अजिजीचा.

"अहो, जरा हळू. आत सोन्या झोपलाय."