डब्यातले टमाटे

तिसऱ्या दिवशीही टमाट्यांनी माना टाकल्या नाहीत.

रतन पाण्याचं तपेलं घेऊन गॅलरीत आली आणि आधी पानांकडे बघत उभी राहिली. घासलेटचे चार डबे, तळाला खिळ्यानं पाडलेली भोकं, आत मळ्यातली माती. चारी झाडं काठीला बांधलेली, टवटवीत. मेल्यांना काही होतच नव्हतं. उलट कडेच्या डब्यात पहिला टमाटा पिकून लालबुंद झाला होता.

बाहेरची बाई झाडाला शिवली की झाड वाळतं, हे रतनला लहानपणापासून ठाऊक. आईनं सांगितलं, आजीनं सांगितलं, लग्न होऊन कल्याणच्या या चाळीत आल्यावर सासूनं याच डब्यांकडे बोट दाखवून पुन्हा सांगितलं. महिन्याचे ते तीन दिवस रतन गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला गोणपाटावर बसायची. सात वर्षांत खंड नाही. साऱ्या चाळीला ते गोणपाट पाठ झालं होतं.

मग मधले दोन महिने गोणपाट दाराआड गुंडाळलेलंच राहिलं. सासूनं, तुळसाबाईंनी, सुनेला हंडा उचलू दिला नाही. दुधाचा रतीब पावशेरानं वाढला. "शिमग्यापर्यंत कूस उजवली नाही तर मुरबाडला माहेरी पोचवून येईन, मग तिथंच राहा," असं दिवाळीत बजावणारी बाई आता सुनेच्या टाळूवर तेल थापत होती.

परवा पहाटे मोरीत रतनला कळलं, की संपलं. ती कुणाला बोलली नाही. चूल पेटवली, भाकरी थापल्या, देवापुढचा दिवा तेवढा चुकवला, आणि नेहमीसारखं टमाट्यांना पाणी घातलं. कालही घातलं. आणि दोन दिवस जीव मुठीत धरून पानं बघत राहिली.

"काय गं, झाडांना पोराचं नाव विचारतेस का?" शेजारच्या हौसाबाई दारातून हसल्या.

"विचारू द्या," तुळसाबाई आतून म्हणाल्या. "तिच्या हाताला गुण आलाय सध्या. रतन, ते तपेलं ठेव तिथंच, आत ये. हौसाबाई, तुम्ही पण या. तिसरा महिना लागला, गुपचूप चोरओटी भरून घेऊ. मी विधवा, माझा हात चालायचा नाही."

पाट मांडलेला होता. खण, तांदूळ, नारळ, सगळं कधीचं आणून ठेवलेलं. तुळसाबाईंनी जाऊन लाल टमाटा खुडून आणला.

"हाही घाला ओटीत. घरचं पहिलं फळ."

"अहो, टमाटा का कुणी ओटीत घालतं?"

"लाल आहे, बियांनी भरलाय. आणखी काय पाहिजे?"

रतन पदर पसरून पाटावर बसली. हौसाबाईंची तांदळाची ओंजळ वर आली. चूल नि हंडा शिवणं वेगळं, ओटी घेणं वेगळं. रतननं पदर मुठीत गोळा केला.

"नको. मी बाहेरची आहे. परवापासून."

तांदूळ ओंजळीतच राहिले. "अगं बाई, म्हणजे मला पुन्हा आंघोळ आली!" म्हणत हौसाबाई ते तसेच घेऊन घरी पळाल्या.

आता हात उठणार म्हणून रतननं मान खाली घातली. हात उठला नाही. तिनं वर पाहिलं तर तुळसाबाई गॅलरीत होत्या. वाकून एकेक पान उलटं करून बघत होत्या.

"पाणी कुणी घातलं परवा?"

"मीच, आत्याबाई."

"काल?"

"मीच. काठ्याही मीच बांधल्या."

"मग हे असं कसं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. घाबरं झालेलं माणूस विचारतं तसं त्यांनी विचारलं. "अगं, धाकट्याला देवी आल्या होत्या माझ्या. मी अशीच बाहेरची. उंबऱ्यापलीकडे बसून होते. पाणी पाणी करत गेला पोर. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं. तरी शिवले नाही मी."

रतननं दाराआडचं गोणपाट काढलं आणि आपल्या टोकाला जाऊन बसली. तुळसाबाईंनी पाट ओढत गॅलरीत आणला आणि डब्यांसमोर ठाण मांडलं. चूल पेटली नाही. दोघी जेवल्या नाहीत. भरलेलं तपेलं सकाळी ठेवलं होतं तिथंच होतं.

फाल्गुनातलं ऊन. बारा वाजले तसं ते कठड्यावरून आत आलं आणि डब्यांवर चढलं. पत्रा तापला. माती कडेनं सुटून भेगाळली. एकच्या सुमाराला कडेच्या झाडाचा शेंडा कलला. मग दुसऱ्याचा. मग पानं एकेक करून लोंबायला लागली.

तुळसाबाईंनी मोठा श्वास सोडला. सकाळपासून आवळून धरलेला चेहरा सैल झाला.

"बघ. टाकल्या ना माना? उशिरानं का होईना."

"आत्याबाई, आज पाणीच नाही घातलं त्यांना. तपेलं तिथंच राहिलंय," रतन टोकावरून म्हणाली. "तुम्ही घाला. तासाभरात उभी राहतील."

तुळसाबाईंनी तपेल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"आता पाण्यानं काय व्हायचंय?" त्या म्हणाल्या. "सकाळी मुरबाडची पहिली एसटी आहे. कपडे भरून ठेव."

मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. काठोकाठ भरलेलं ते तपेलं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि डब्यांत एक थेंबही सांडू न देता, जपून, आत नेलं.