मागची भिंत

"अक्का, फक्त मागची भिंत फोडतो आणि दुकानाचं तोंड तुझ्या बाजूला काढतो." धाकटा भाऊ अगदी काकुळतीला आला होता.

अक्का चहा गाळत राहिली. वाटणीच्या वेळी पेठेतल्या हमरस्त्यावरचं कापडदुकान त्याने ठेवून घेतलं आणि मागचा पडका गोठा तिच्या गळ्यात मारला. ती बोलायला गेली, तेव्हा न खपलेली एक साडी अंगावर फेकून म्हणाला होता, "भावाचा मान घे आणि गपगुमान जा. जागेचं काय घेऊन बसलीस?"

मग जमिनीखालून मेट्रो आली आणि स्टेशनचा जिना नेमका गोठ्यासमोर उघडला. दुकानापुढे आता कुत्रंही फिरकत नव्हतं. सगळी पेठ अक्काच्या दारावरून ये-जा करत होती.

तिने त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि पिशवीतून टॉवेल-टोपी काढून हातात ठेवली.

"बहिणीचा मान घे. भिंतीचं काय घेऊन बसलास?"

त्याची नजर पिशवीवर गेली. नाव त्याच्याच दुकानाचं होतं.

"सकाळी मीच माणूस पाठवला होता," अक्का म्हणाली. "म्हटलं, आज तरी तुझी भवानी होऊ दे."